बोटांच्या बेचक्यातली बुरशी

पाऊस लागला की महाराष्ट्रात दोन गोष्टी कुणी न लावता उगवतात: माळावर टाकळा आणि पायाच्या बोटांत चिखल्या. टाकळ्याची भाजी आपण हौसेनं करतो, चिखल्यांकडे मात्र धड वाकून बघतही नाही. बेचक्यातली कातडी पांढरीफटक पडते, भिजलेल्या कागदासारखी सुटते, कुबट वास येतो, खाजेनं झोप उडते. मग घरात सापडेल ते मलम चोपडायचं आणि सकाळी पुन्हा ओल्याच बुटात पाय कोंबायचा. दुखणं साधं आहे, पण अशा वागण्यानं ते वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. त्याला हुसकायचं तर त्याच्या सवयी ठाऊक हव्यात, आणि त्या मोठ्या मजेदार आहेत.

करंगळीपासून श्रीगणेशा

चिखल्या बहुतेक वेळा पहिल्यांदा दिसतात त्या करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधे. ही दोन बोटं एकमेकांना सगळ्यात घट्ट चिकटलेली असतात, तिथं वारा लागत नाही. अंगठ्याजवळची फट रुंद असते, ती बऱ्याचदा वाचते. पाय पुसताना टॉवेल वरून आणि तळव्यावरून फिरतो. करंगळीच्या बेचक्यात बोट घालून पुसणारा माणूस विरळा.

मात्र पांढरी पडलेली प्रत्येक कातडी बुरशीचीच नसते. दिवसभर पाण्यात राहून नुसतीच फुगलेली कातडी पाय कोरडे ठेवले की एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. ती तशीच ओली राहिली तर बुरशीला दार उघडं मिळतं. कधी तिथं कँडिडा नावाचं यीस्ट वाढतं, कधी नुसतेच जिवाणू. त्यातल्या एका जिवाणूचा संसर्ग त्वचारोगतज्ज्ञ अंधारात वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात ओळखतात: बेचकं पोवळ्यासारखं लालकेशरी चमकतं! पायाची नेहमीची बुरशी या उजेडात चमकत नाही. म्हणजे वरून सारख्या दिसणाऱ्या चिखल्यांची औषधं वेगवेगळी असू शकतात.

घाम भरपूर, तेल शून्य

दोन्ही पावलांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात. तेलाच्या ग्रंथी तळव्याला मात्र एकही नाही. त्वचेवर जे नैसर्गिक तेल पाझरतं, त्यातली स्निग्धाम्लं बुरशीला आवरून धरतात. तळव्याला ते कवच नाही, शिवाय शरीरातली सर्वांत जाड मृत कातडी तिथंच. बुरशीचं खाणं म्हणजे याच मृत कातडीतलं केराटिन. केराटिन पचवणारी विकरं तिच्याकडे असतात आणि नखं, केस, कातडी या तिन्हींवर तिचा निर्वाह चालतो. शरीराच्या आतली ३७ अंशांची ऊब तिला फारशी मानवत नाही, म्हणून ती सहसा वरच्या थरातच राहते, रक्तात उतरत नाही.

लहान मुलांना हा त्रास क्वचितच होतो. वयात आल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. शाळकरी मुलाच्या पायाला सारखी खाज येत असेल तर ती बुरशीच आहे असं धरून न चालता डॉक्टरांना दाखवलेलं बरं. बुटाच्या रबराची किंवा चामड्याची ॲलर्जी, इसब अशी दुसरी कारणं निघू शकतात.

टाचेवरची वस्ती

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १० निरोगी माणसांच्या अंगावरच्या १४ जागांची बुरशी तपासली. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या या अभ्यासात टाच पहिली आली: तिथं सुमारे ८० प्रकारच्या बुरशी सापडल्या. पायाच्या नखांत ६०, बोटांच्या बेचक्यात ४०. आणि ही माणसं ठणठणीत होती. अंगावर बुरशी असणं हा आजार नव्हे. तिला ओल आणि सवड मिळाली की आजार होतो.

सुश्रुतांनी टिपलेलं बेचकं

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांची यादी आहे. त्यात 'अलस' नावाचा एक रोग येतो. बोटांच्या मधली जागा ओली राहते, खाज सुटते, आग होते, दुखतं, आणि कारण काय, तर घाण चिखलाचा स्पर्श. लावणीच्या दिवसांत कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याचा पाय बघून आजही हेच वर्णन लिहिता येईल. उपाय म्हणून आंबट कांजीनं पाय धुऊन कडुनिंबादींचा लेप सांगितला आहे. सूक्ष्मदर्शक येण्याआधी कित्येक शतकं रोगाची नेमकी जागा आणि नेमकं निमित्त कुणीतरी खाली वाकून बघितलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

बूट आले, बुरशी आली

जी माणसं आयुष्यभर अनवाणी चालतात त्यांच्यात पायाची ही बुरशी विरळाच. वैद्यकीय वाङ्मयात पावलांच्या या संसर्गाची पहिली नोंद १८८८ ची, इटलीतल्या पेलिझारींची. आज जगभर पायांत सर्वाधिक आढळणारी ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी मूळची आग्नेय आशिया आणि आसपासच्या उष्ण प्रदेशांतली मानली जाते. तिथल्या अनवाण्या लोकांत ती अंगावर गजकर्ण बनून राहायची. मग सैनिक, व्यापारी, वसाहतींतले अधिकारी यांच्यासोबत तिचा प्रवास झाला, बंद बुटातली ऊबदार ओल तिला मिळाली आणि तिनं पाय धरला. १९१० मध्ये आल्दो कास्तेलानी यांनी तिचं वर्णन केलं. पुढं त्यांनी बनवलेलं किरमिजी रंगाचं 'कास्तेलानी पेंट' डॉक्टर कित्येक दशकं बेचक्यांत लावत आले.

या बुरशीचं यजमानपद फक्त माणसाकडे. कुत्र्या-मांजरांकडून येणारी गजकर्णाची बुरशी निराळी. आणखी नवल म्हणजे वेगवेगळ्या देशांतून गोळा केलेल्या रुब्रमचे जनुकीय आराखडे जवळजवळ एकसारखे निघाले. नर-मादी मीलनाची भानगड तिनं जणू सोडूनच दिली आहे. स्वतःच्या प्रती काढत ती जगभर पसरली.

१९६० च्या दशकात व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातल्या तुंबलेल्या भातखाचरांत अमेरिकन सैनिक दिवसेंदिवस ओल्या बुटांत वावरले आणि तुकड्याच्या तुकड्या त्वचारोगांनी लढाईबाहेर बसल्या. ॲलन आणि टॅप्लिन या संशोधकांनी तिथंच मुक्काम करून रुब्रमहून निराळ्या एका बुरशीचा माग काढला. त्याच भागात पकडलेल्या उंदरांच्या अंगावरही त्यांना ती सापडली. त्याच मुलखात लढणाऱ्या व्हिएतनामी सैनिकांना मात्र तिचा उपद्रव कमी होता.

गोवा पावडरची गोष्ट

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर एक तपकिरी-पिवळी भुकटी विकली जायची. नाव 'गोवा पावडर'. ती गोव्यातून यायची, भाव चांगला मिळायचा, आणि ती कशाची बनते हे गुपित होतं. मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी १८६४ मध्ये तिच्याबद्दल लिहून युरोपातल्या औषधशास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं.

शोध घेता घेता कळलं की ही गोव्याची नव्हेच! ब्राझीलमधल्या आरारोबा वृक्षाच्या खोडातल्या भेगांमध्ये ती साठते. ब्राझील आणि गोवा एकेकाळी दोन्ही पोर्तुगीजांच्या ताब्यात, म्हणून अटलांटिकपलीकडचं औषध मांडवीकाठी आलं आणि तिथून मुंबईला. ते गुणकारी होतं पण जहालही होतं: कातडी आणि कपडे डागाळायचे, डोळ्याला बोट लागलं तर आग व्हायची. १८७६ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर बाल्मानो स्क्वायर यांच्याकडे आलेल्या एका रुग्णानं आपल्या चट्ट्यांना गजकर्ण समजून ही भुकटी लावली होती. चट्टे होते सोरायसिसचे, आणि ते बरे झाले! पहिल्या महायुद्धात या भुकटीचा तुटवडा पडला तेव्हा जर्मनीत १९१६ मध्ये तिच्याशी जवळचं नातं असलेलं रसायन प्रयोगशाळेत तयार झालं. तेच डिथ्रानॉल सोरायसिसवर आजही वापरतात. गजकर्णाचं औषध दुसऱ्याच रोगाचं रामबाण ठरलं.

सुरुवातीला टाकळ्याचं नाव घेतलं ते उगाच नाही. आयुर्वेदात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात आणि त्याचं बी गजकर्णावर वाटून लावण्याची रीत जुनी आहे.

दोन पाय, एक हात

त्वचारोगतज्ज्ञांना चटकन ओळखू येणारं एक दृश्य असतं: दोन्ही तळव्यांना बुरशी आणि हात मात्र एकच कोरडा, खवलेदार. दुसरा हात अगदी स्वच्छ. कारण? पाय खाजवणारा, सोलपटं काढणारा हात बहुधा तोच. 'दोन पाय, एक हात' हे या आजाराचं अधिकृत नावच आहे. या प्रकारात तळवे नुसते कोरडे, भुरभुरीत दिसतात, खाज फारशी नसते, म्हणून माणूस वर्षानुवर्षं व्हॅसलीन लावत बसतो.

कधी पायात बुरशी असते आणि बारीक पाण्याचे फोड उठतात हाताच्या बोटांवर. फोडांत बुरशीचा मागमूस नसतो. ती पायातल्या बुरशीवर शरीरानं दिलेली ॲलर्जीची प्रतिक्रिया असते. हाताला हजार मलमं लावून ती जात नाही, पाय बरा केला की जाते.

जांघेतला नायटासुद्धा बऱ्याचदा पायातूनच वर जातो. चड्डी चढवताना ती आधी पायांना घासते आणि मग जांघेला लागते. त्यावरचा डॉक्टरांचा सल्ला ऐकायला मजेशीर आहे, पण तो जरूर पाळा: आधी मोजे घाला, मग चड्डी.

बुरशीचं स्वतःचं पेनिसिलिन

बेचक्यात बुरशी एकटी राहत नाही, जिवाणूही असतात. जागेच्या या भांडणात काही बुरशी पेनिसिलिनसारखी द्रव्यं सोडतात. त्यांना पुरून उरणारे जिवाणूच मग तिथं वाढतात, आणि साध्या खवलेदार चिखल्यांचं रूपांतर ओल्या, दुखऱ्या, घाण वासाच्या जखमेत होतं. युरोपातल्या साळूसारख्या छोट्या काटेरी हेजहॉगच्या कातडीवर हेच घडलं. तिथल्या ट्रायकोफायटन बुरशीच्या प्रतिजैविकांना तोंड देत एक औषधाला न जुमानणारा जिवाणू सुमारे २०० वर्षांपूर्वी तयार झाला, असं २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. माणसानं प्रतिजैविक शोधण्याच्या कितीतरी आधी!

काचपट्टीवरचा निवाडा

बुरशी आहे की नाही हे ठरवणारी तपासणी स्वस्त आणि झटपट आहे. डॉक्टर बोथट पात्यानं कडेची थोडी सोलपटं खरवडून काचपट्टीवर घेतात, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, झाकणाची पातळ काच ठेवतात आणि जरा थांबतात. तो क्षार कातडीच्या पेशी विरघळवत नेतो, बुरशीचं कवच मात्र टिकतं. सूक्ष्मदर्शकाखाली फिक्या पेशींच्या सीमा ओलांडत गेलेले, आडवे पडदे असलेले, फांद्या फुटलेले लांब धागे दिसतात. एकदा ते दिसले की अंदाजपंचे उपचार करावे लागत नाहीत. मलमं बदलून बदलून कंटाळलेल्या प्रत्येकानं ही तपासणी मागून घ्यावी. जाताना दोन-चार दिवस मलम लावू नये, नाहीतर धागे हाती लागत नाहीत.

बुरशीवर बुरशी

औषधांचा इतिहासही रंगतदार. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्थर व्हिटफील्ड यांचं मलम, ६ टक्के बेंझोइक आम्ल आणि ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल, कित्येक वर्षं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत होतं. १९३९ मध्ये पेनिसिलियम जातीच्या बुरशीपासून ग्रिझिओफल्विन वेगळं केलं गेलं. ते जवळजवळ दोन दशकं तसंच पडून राहिलं. १९५८ मध्ये ग्लासगोचे जेंटल्स यांनी गिनीपिगना ते खायला घालून दाखवून दिलं की गजकर्ण पोटातून औषध देऊनही बरं होतं. व्हिएन्नातल्या सँडोझच्या प्रयोगशाळेत १९७४ मध्ये मेंदूवरची औषधं शोधताना योगायोगानं नॅफ्टिफाइन सापडलं आणि त्याच घराण्यातून पुढं टर्बिनाफाइन आलं.

साध्या चिखल्यांना टर्बिनाफाइनचं मलम एक-दोन आठवडे, क्लोट्रिमाझोलसारखं मलम दिवसातून दोनदा साधारण चार आठवडे लावायला सांगतात. नेमके किती दिवस ते आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण आपल्याकडे बुरशी हट्टी झाली आहे. सगळ्यात जास्त चुकतं ते इथं: खाज चार दिवसांत थांबते आणि मलम बंद होतं. वरची कातडी पूर्ण बदलायला सुमारे महिना लागतो, तोवर बुरशी खालच्या थरात तग धरून असते. मलम दिसणाऱ्या डागापुरतं न लावता भोवतीच्या दोन बोटं निरोगी कातडीवरही लावावं, आणि दोन्ही पायांच्या सगळ्या बेचक्यांत. नखात बुरशी शिरली असेल तर नुसत्या मलमानं सहसा भागत नाही. पायाच्या नखासाठी टर्बिनाफाइनच्या गोळ्या साधारण १२ आठवडे घ्याव्या लागतात, आणि नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

चिखल्यांवर मेंदी लावण्याची पद्धत घरोघरी आहे. मेंदीत बुरशीला रोखणारा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे, आणि ती वाळली की बेचकं कोरडं करते. कातडी फाटलेली नसेल तर पानांची मेंदी लावायला हरकत नाही, पण बाजारातली काळी मेंदी नको. तिच्यातल्या रसायनानं भाजल्यासारखे फोड येतात. रॉकेल, ब्लीचिंग पावडर, ब्लेडनं कातडी तासणं हे तर मुळीच नको.

भारताचं नाव लागलेली बुरशी

२०२० मध्ये जपानी संशोधकांनी बुरशीच्या एका नव्या जातीचं वर्णन केलं. नमुने होते जपानमधल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाचे. नाव ठेवलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफाइनला ती बऱ्याचदा दाद देत नाही, कारण औषध जिथं वार करतं त्या प्रथिनातच तिनं बदल केला आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्याचं अमेरिकेनं जाहीर केलं. ती मुख्यतः जांघ, मांड्या, कंबर धरते. पण ज्या सवयीमुळे तिचं फावलं ती सवय पायाच्या मलमांनाही लागू आहे.

औषधाच्या दुकानात 'खाजेचं मलम द्या' म्हटलं की अनेकदा हाती पडते ती तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब: एक बुरशीवरचं, एक जिवाणूंवरचं आणि सोबत जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडनं खाज आणि लाली एका रात्रीत बसते, माणूस खूष होतो. प्रत्यक्षात बसलेली असते ती शरीराची प्रतिकाराची धडपड. बुरशी मोकाट पसरते, डागाच्या कडा पुसट होतात, डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. मलम थांबवलं की सगळं दुपटीनं उसळतं, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. जांघेत कातडी पातळ होऊन कायमचे पांढरे चरे पडतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवते आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही मागणारे आपण आणि देणारे दुकानदार, दोघंही थांबलेले नाहीत. मला विचाराल तर चिखल्यांपेक्षा ही ट्यूब जास्त घातक आहे.

रोजचं पथ्य

घरी आल्यावर पाय धुवा आणि प्रत्येक बेचकं कोरड्या फडक्यानं पुसा. पायाचं फडकं वेगळं ठेवा. पावसाळ्यात पिशवीत मोज्यांचा कोरडा जोड असू द्या. एकच बूट रोज घालू नका, त्याला वाळायला पूर्ण दिवस मिळाला पाहिजे. गमबूट घालणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि सफाई कामगारांनी जेवणाच्या सुट्टीत ते काढून पायांना वारा द्यावा. वसतिगृहाची न्हाणी, जिम, तरणतलाव इथं स्वतःची चप्पल हवी, कारण गळालेल्या सोलपटांत ही बुरशी महिनोन्‌महिने जिवंत राहते. मोजे गार पाण्यात धुऊन ती मरत नाही. ६० अंशांच्या गरम पाण्यात मरते. घरात दोघांना त्रास असेल तर दोघांचेही उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, नाहीतर एकाची बुरशी दुसऱ्याकडे फिरत राहते.

मधुमेह असलेल्यांनी हे पथ्य दुप्पट काटेकोर पाळावं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींवर माणसांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांच्या पायांची जाणीव बोथट झालेली असते, खाज-वेदना कळतच नाही. बेचक्यातल्या बारीक भेगेतून जिवाणू शिरले की पाय सुजून लाल होतो, ताप भरतो. हा सेल्युलायटिस, आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर हवा. घरात मधुमेही आजी-आजोबा असतील तर त्यांना वाकता येत नाही हे लक्षात ठेवून रात्री त्यांची बेचकी तुम्ही बघा.

आणि आज एवढं कराच. घरातल्या औषधांच्या डब्यातली खाजेची मलमं बाहेर काढून त्यांवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन या स्टेरॉइडांतलं एक जरी नाव दिसलं तर ती ट्यूब चिखल्यांना लावू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. बरेच दिवस लावत आला असाल तर तीच ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.